मुलगी धनुष्य मागतेय, घेऊन द्यायचं का?

"सर, पोरगी औंदा दहावीत आहे. गणितात ९१ पडले तिला. अन् आता म्हणते, कंपाउंड घेऊन द्या. दोन-तीन लाखांचं काम आहे ते. घेऊ का नको, एवढंच सांगा."

काटोलकडचे हे वडील गेल्या महिन्यात भेटायला आले होते. मुलगी शेजारी गप्प बसलेली. दोन वर्षांपासून ती बांबूच्या धनुष्यावर इंडियन राऊंड खेळते. उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर दोरीने पडलेले घट्टे स्पष्ट दिसत होते. मी तिच्याकडे प्रमाणपत्रं मागितली, तर तिने आधी एक दोनशेपानी वही पुढे केली. प्रत्येक पानावर तारीख, वाऱ्याची दिशा आणि खाली तीन-तीन बाणांच्या ओळी: नऊ, आठ, सात, नऊ, नऊ, सहा. एका सहाभोवती पेनने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "खांदा वर गेला." ही वही वडिलांनी तोवर कधी उघडूनही पाहिलेली नव्हती.

नागपुरात आता असा प्रश्न वरचेवर येतो आणि त्यामागे एक नाव आहे, ओजस देवतळे. आपल्याच शहरातल्या या मुलाने ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात पंधरा बाण, पंधराही दहात, १५० पैकी १५०. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदकं जिंकली. मिश्र सांघिक प्रकारात ज्योती सुरेखा वेन्नमसोबत कोरियाला १५९-१५८ असं एका गुणाने हरवलं, पुरुष सांघिक प्रकारात अभिषेक वर्मा आणि बुलढाण्याचा प्रथमेश जावकर यांच्यासोबत पुन्हा कोरियालाच, आणि वैयक्तिक अंतिम सामन्यात अभिषेक वर्मालाच १४९-१४७ ने. भारताने त्या स्पर्धेत तिरंदाजीत नऊ पदकं मिळवली. त्यातली पाच सुवर्ण होती आणि पाचही कंपाउंडमध्ये आली.

पालकांना मी मात्र या गोष्टीतल्या दुसऱ्याच माणसाकडे बघायला सांगतो. त्या अंतिम सामन्यात हरलेला अभिषेक वर्मा ओजसपेक्षा वयाने बराच मोठा. दशकभर भारतासाठी खेळत आलेला आणि आयकर खात्यात नोकरीला असलेला. चौतिशीत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, हातात सरकारी नोकरी आणि समोर एकविशीतला आपलाच सहकारी. तिरंदाजीतलं करिअर कसं असतं हे समजून घ्यायचं असेल, तर जिंकणाऱ्याइतकंच या माणसाचं आयुष्य बघा. या खेळात शरीर लवकर थकत नाही आणि चांगला तिरंदाज पंधरा-वीस वर्षं खेळू शकतो. त्यामुळे दहावीच्या एका वर्षात सगळं ठरवून टाकण्याची घाई कोणीच करू नये.

आता कंपाउंड की रिकर्व्ह? हा प्रश्न पालक विचारत नाहीत, पण पुढच्या दहा वर्षांची दिशा त्यावरच ठरते. रिकर्व्हमध्ये ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर नेम धरायचा. धनुष्याची सगळी ओढ शेवटच्या क्षणापर्यंत बोटांनी आणि पाठीने पेलायची. कंपाउंडला चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की ओढीचा बराच भार ती चाकं घेतात, नेमाला भिंग असतं आणि बाण बोटांनी न सोडता रिलीज नावाच्या छोट्या उपकरणाने सोडतात. सोपं वाटतं ना? पण अंतर ५० मीटर आणि दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. एका बाणाला वीस सेकंद. इथे नऊ आला की सामना हातातून गेला, असं खेळाडू सांगतात आणि ते बरंचसं खरंही आहे.

ऑलिम्पिकमध्ये आजवर फक्त रिकर्व्ह होतं. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून घडला, सैन्यात गेला आणि टोकियोत भारताकडून खेळला, तो रिकर्व्हमध्येच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा पहिल्यांदाच प्रवेश होतोय, पण फक्त मिश्र सांघिक प्रकारात. म्हणजे एका देशातून एक मुलगा आणि एक मुलगी. "कंपाउंड आता ऑलिम्पिकला आहे" असं सांगून कोणी महागडं किट घ्यायला लावत असेल, तर हा हिशोब त्यांच्यासमोर जरूर मांडा. आशियाई आणि जागतिक स्पर्धांत मात्र कंपाउंडला मोठी संधी आहे आणि महाराष्ट्राने ती घेतलीच आहे. ज्या दिवशी ओजस जगज्जेता झाला, त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांची जगज्जेती झाली. शिक्षक वडिलांची ही मुलगी उसाच्या शेतांमधल्या साध्या मैदानावर प्रवीण सावंत यांच्याकडे शिकली. ओजसही नागपूर सोडून त्यांच्याकडेच सरावाला गेला होता. झगमगाट नसलेल्या मैदानावर दोन जगज्जेते तयार झाले, म्हणून अकादमी निवडताना तिची इमारत पाहू नका. प्रशिक्षक रोज मैदानावर किती तास असतो, ते विचारा.

पैशांचं बोलू. बांबूचं धनुष्य काही हजारांत येतं. स्पर्धेच्या दर्जाचं कंपाउंड किंवा रिकर्व्ह बाण, साईट, स्टॅबिलायझर धरून दोन-तीन लाखांवर सहज जातं. शिवाय बाण मोडतात, दोऱ्या बदलाव्या लागतात आणि वाढत्या वयात हाताची लांबी बदलते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: किमान दोन वर्षं नियमित सराव, जिल्हा आणि विभाग स्तरावर दिसणारी प्रगती, आणि प्रशिक्षकाचा लेखी सल्ला, एवढं असल्याशिवाय कर्ज काढून धनुष्य घेऊ नये. तोवर मैदानावरचं किट वापरू द्या. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तिरंदाजी असते. इंडियन राऊंडलाही तिथे मान आहे, त्यामुळे बांबूवर खेळणाऱ्या मुलांचं काही वाया जात नाही. खेलो इंडियात निवड झाली तर दरमहा १०,००० रुपयांचा भत्ता आणि प्रशिक्षणाची सोय होते.

नोकरीबद्दल एक गोष्ट जपून लक्षात ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, आयकर अशा ठिकाणी खेळाडूंची भरती होते, ती वेगळी. पण हा लाभ कुठल्याही ट्रॉफीवर मिळत नाही. स्पर्धा अधिकृत संघटनेची होती का, तिचा स्तर कोणता, स्थान कितवं, हे सगळं तपासलं जातं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. म्हणून कुठल्याही निमंत्रितांच्या स्पर्धेला फी भरण्याआधी तिची मान्यता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. पोरांची तीन-चार वर्षं बिनकामाच्या प्रमाणपत्रांत गेलेली पाहिली की जीव तुटतो.

आणि अभ्यास? तो सोडू नका. ज्योती सुरेखा इंजिनिअरिंग शिकलेली आहे. सरावाचे सकाळचे दोन तास आणि शाळा हे दोन्ही जमतं, फक्त घरच्यांनी रोज संध्याकाळी "आता बस झालं" म्हणायचं थांबवावं लागतं. पुढे स्पर्धा जमली नाही तरी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम, बी.पी.एड., फिजिओथेरपी, क्रीडा मानसशास्त्र या वाटा आहेत. जिल्ह्याच्या गावांना आज चांगल्या प्रशिक्षकांची फार गरज आहे.

काटोलच्या त्या वडिलांना मी धनुष्य घ्या असंही म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. दहावी होईपर्यंत बांबूवरच खेळू द्या आणि मार्चनंतर प्रशिक्षकासोबत बसून ठरवा, एवढं सांगितलं. ते उठले, तेव्हा वही त्यांच्या हातात होती आणि "खांदा वर गेला" म्हणजे काय, हे ते मुलीला विचारत होते.

तुमच्याही घरी असं मूल असेल, तर येत्या रविवारी सकाळी सहाला त्याच्याबरोबर मैदानावर जा. दोन तास मागे बसा, काही बोलू नका. घरी आल्यावर त्याची स्कोअरची वही मागून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा. नसेल, तर त्याच दिवशी एक वही आणून द्या.