दुसऱ्या पट्टीत फसलेला हिशोब

राहात्यातून नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीकडे निघालं की कडेला पेरूचे ढीग लागतात. अशाच पेरूच्या एका आडतीवर मी दोन हंगाम हिशोबाला होतो. दिवाणजी शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या हाताने लिहीत. त्यांचा वेळ वाचावा म्हणून मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला.

पहिली चूक आळसाची. हमालीचा हिशोब पट्टीत, दिवसाच्या गोषवाऱ्यात आणि शेतकऱ्याच्या खात्यात असा तीन जागी चिकटवला होता. हमाली क्रेटमागे ४ रुपयांवरून ५ झाली. मी दोन जागी बदलली, खात्यात ४ च राहिली. मग शहाणा होऊन सगळा हिशोब एका फंक्शनमध्ये घातला. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, म्हणून नावही ‘पट्टी’च ठेवलं. क्रेट, वजन, भाव द्यायचे, रक्कम परत घ्यायची. कपातींसाठी एक यादी ठेवली आणि ती कोणी दिली नाही तर रिकामी धरावी, असं फंक्शन जिथे सुरू होतं त्या डेफच्या ओळीतच लिहून टाकलं. हमाली आणि गाडीभाडं फंक्शन स्वतःच त्या यादीत घालायचं.

एक पट्टी काढून पाहिली. १२ क्रेट, हमाली ६०, भाडं ३००, कपात ३६०. बरोबर. दुसऱ्या दिवशी थेट कामाला लावलं. पहिल्या शेतकऱ्याचे हेच ३६० निघाले.

दुसऱ्याच शेतकऱ्याने कागद माझ्यापुढे धरला. “आठ क्रेट पेरूला सहाशे कापले? गाडी काय मुंबईला नेली होती का?” त्याची हमाली ४० आणि भाडं २००, म्हणजे २४० च व्हायला हवे होते. तिसऱ्याचे ४८० जायला हवे होते, छापले गेले १,०८०. मी आधी भाव तपासले, मग वजनं. दिवाणजींनी तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, “अरे, पहिल्याचे पैसे दुसऱ्याच्या डोक्यावर बसतायत.”

तसंच होतं. मला वाटलेलं, फंक्शनला हाक मारली की ते दर वेळी नवी रिकामी यादी घेईल. पण डेफच्या ओळीतली ठरीव किंमत पायथन ती ओळ चालते तेव्हा एकदाच तयार करतो. पुढच्या प्रत्येक हाकेला तीच यादी वापरली जाते आणि तिच्यात आधीच्याचं सगळं साचत जातं. दिवाणजी दर शेतकऱ्याला पॅडवरचं कोरं पान फाडून देत. माझा प्रोग्रॅम एकाच पानावर लिहीत सुटला होता. पायथनच्या अधिकृत शिकवणीत याचा ठळक इशारा आहे. मी तो वाचला होता, हे अधिक लाजिरवाणं.

उपाय दोन ओळींचा. ठरीव किंमत म्हणून यादीऐवजी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवायचं आणि फंक्शनच्या आत ‘नन असेल तर नवी यादी घे’ असं लिहायचं. आकडा किंवा अक्षरं ठरीव ठेवली तर हा धोका नाही, कारण ती जागच्या जागी बदलत नाहीत. यादी आणि डिक्शनरी बदलतात. बाहेरून यादी दिली असेल तर तिचीही आत नक्कल करून घ्यावी, नाहीतर देणाऱ्याच्या यादीत नकळत भर पडते.

फंक्शन एकदाच चालवून थांबू नका. तीच पट्टी तीनदा काढा, मधे दुसऱ्याची एक घाला. पहिल्याचा आकडा हलला तर कुठेतरी जुनं पान उरलंय. आणि उत्तर नुसतं प्रिंट करू नका, रिटर्न करा. छापलेला आकडा डोळ्याला दिसतो, पण बेरजेच्या हाती नन येतं.

पैशांचंही एक राहिलं. पायथनचा राऊंड ११२.५ चे ११२ करतो आणि ११३.५ चे ११४, कारण बरोबर अर्ध्यावर तो सम संख्येकडे जातो. आमच्या आडतीचा रिवाज ५० पैशाला रुपया धरायचा. तो मी वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये लिहिला, म्हणजे उद्या रिवाज बदलला तर एकाच जागी हात घालायचा.

जास्तीची कपात त्याच संध्याकाळी परत केली. दिवाणजी पुढे महिनाभर प्रत्येक पट्टी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहत होते, आणि मी त्यांना अडवलं नाही.