डाव्या स्टिअरिंगची लॉरी



आपल्या नगर शहरातील रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. १९९४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात निरनिराळ्या देशांचे रणगाडे व चिलखती मोटारी ओळीने मांडून ठेविल्या आहेत. गतवर्षी इयत्ता नववीच्या वर्गास घेऊन मी तेथे गेलो असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ह्या सेंच्युरियनमध्ये ड्रायव्हरची जागा उजवीकडे आहे आणि त्या टी-५५ मध्ये डावीकडे. असे का?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत आहे तोच तो पुढे म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या लॉरीचे स्टिअरिंगसुद्धा डावीकडेच होते."

हे ऐकताच सारा वर्ग हसला. "मग पणजोबा रस्त्याच्या कोणत्या बाजूने जात होते रे?" असे एकाने विचारले. मलाही हसू आले, हे कबूल केले पाहिजे. मुलाचा चेहरा उतरला व परत येईपर्यंत तो कोणाशी बोलला नाही. त्या हसण्याची भरपाई म्हणून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. तोच आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. ज्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तेथे चालक गाडीत उजवीकडे बसतो. जेथे ती उजव्या बाजूने चालतात, तेथे तो डावीकडे बसतो. असे केल्याने चालक नेहमी रस्त्याच्या मध्याजवळ राहतो व समोरून येणारी गाडी त्यास नीट दिसते. ब्रिटनमध्ये डावी बाजू चालत असल्यामुळे ब्रिटिश अमलातील हिंदुस्थानातही तीच रूढ झाली. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली. परंतु त्याच्या ताब्यातील गोव्यात, शेजारचा सारा मुलूख डाव्या बाजूने चालणारा असल्यामुळे, डावीच कायम राहिली. देशाचा नियम एक आणि वसाहतीचा दुसरा, असा हा प्रकार होता. (रणगाड्यातील चालकाची जागा मात्र आतील यंत्ररचनेवरही अवलंबून असते. तेव्हा केवळ तीवरून त्या देशाच्या रस्त्यांविषयी अनुमान काढू नये.)

आता लॉऱ्यांकडे वळू. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटन विजयी, परंतु कर्जबाजारी झालेला होता. परदेशी चलन मिळविण्यासाठी माल बाहेर विकणे त्यास प्राप्त होते. पोलाद अपुरे असल्यामुळे सरकार त्याची वाटणी करताना कारखान्याची निर्यात किती, हे पाहत असे. लेलँड, ए.ई.सी., बेडफर्ड, अल्बियन, कॉमर इत्यादी कारखान्यांच्या लॉऱ्या व बसगाड्या त्यामुळे जहाजांतून दूरदूर जाऊ लागल्या.

आपल्या जिल्ह्यासही याचा अनुभव आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर आपल्या राज्य परिवहनाची पहिली बस धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. तिचा सांगाडा लाकडी असून बैठका काथ्याच्या होत्या. शिरूर, सुपे या वाटेने धुरळा उडवीत गेलेली ती गाडी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिली. आपले रस्ते डाव्या बाजूचे, म्हणून तिचे स्टिअरिंग उजवीकडे होते. ब्रिटनमध्ये फिरणाऱ्या तिच्या भावंडांत व तिच्यात या बाबतीत काही भेद नव्हता.

परंतु हॉलंड, बेल्जियम, डेन्मार्क, स्पेन, पोर्तुगाल व दक्षिण अमेरिकेतील बरेचसे देश उजव्या बाजूचे. अर्जेंटिनाने तर १० जून १९४५ रोजी डावी बाजू सोडून उजवी घेतली. अशा देशांकरिता त्याच कारखान्यांना डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या निराळ्या बांधाव्या लागल्या. हे काम केवळ चाक इकडून तिकडे नेण्याचे नव्हे. स्टिअरिंगचा दांडा व त्याची पेटी, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, गिअरच्या दांड्याची जोडणी या सर्वांची जागा फिरते. आणि बस असेल तर उतारूंचे दारही दुसऱ्या बाजूस न्यावे लागते. इंजिनाचा धुराचा नळ आड येत असेल तर त्यासही वळण द्यावे लागते.

या गाड्या जन्मतःच परदेशी पाठविण्यासाठी झालेल्या असल्यामुळे त्या स्वतःच्या देशात जवळजवळ राहिल्याच नाहीत. पुढे ते कारखानेही गेले. ए.ई.सी.चा साउथॉल येथील कारखाना १९७९ साली बंद पडला. जनरल मोटर्स कंपनीने बेडफर्ड लॉऱ्यांचे उत्पादन १९८६ साली थांबविले. त्यानंतर जुन्या लॉऱ्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांच्या ध्यानात आले की, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या अनेकांनी जपून ठेविल्या आहेत, परंतु त्यांची डावी भावंडे पाहावयास मिळत नाहीत. तेव्हा शोध सुरू झाला. कोणी परदेशातील शेतांवरचे गोठे धुंडाळतो. कोणी लहान गावांच्या आगीच्या बंबांची चौकशी करतो, कारण बंबाची गाडी फार थोडे मैल चाललेली व छपराखाली ठेवलेली असते. धनिकाने हौसेने जपलेली गाडी क्वचितच मिळते. बहुधा ज्याला दुसरी घेणे परवडले नाही अशा कष्टाळू मनुष्याने दुरुस्त करकरून चालविलेली गाडीच उरलेली असते. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

गाडी सापडली म्हणजे काम संपले असे नाही. ती मुळातच डाव्या स्टिअरिंगची होती, की मागाहून कोणी फिरवली? याचा निर्णय करण्याच्या रीती पाहण्याजोग्या आहेत. चालकापुढील पत्र्यावर दुसऱ्या बाजूस बुजविलेली भोके आहेत काय, हे पाहतात. चेसिसवर स्टिअरिंगची पेटी बसविण्याची जागा कारखान्याने घडविलेली आहे की गावच्या लोहाराने, हे तपासतात. चेसिसवर ठोकलेला क्रमांक व पत्र्याच्या पाटीवरील क्रमांक जुळतो का, हे ताडून पाहतात. आणि शेवटी तो क्रमांक कारखान्याच्या जुन्या वह्यांत शोधतात. इंग्लंडात लेलँड गावी मालमोटारींचे संग्रहालय १९८३ साली उघडले. तेथे गाड्यांबरोबर अशा जुन्या कागदपत्रांचाही संग्रह आहे. गाडी, पाटी व वही या तिघांची साक्ष जुळली म्हणजेच शोधक तिला खरी म्हणतो. एकट्याच्या सांगण्यावर तो विश्वास ठेवीत नाही. पण कोणी काही सांगितले तर त्यास हसतही नाही. सांगीवांगीची गोष्ट हीच बहुधा त्याच्या शोधाची पहिली पायरी असते.

येथे मला आमच्या विद्यार्थ्याची आठवण होणे साहजिक होते. मी त्यास बोलावून म्हटले, "बाळ, त्या दिवशी मी हसलो, ते चुकले. पणजोबांच्या लॉरीचे काही उरले आहे काय?" लॉरी कधीच भंगारात गेली होती. परंतु चार दिवसांनी त्याच्या आजीने ट्रंकेतून काढून दिलेले एक जुने छायाचित्र घेऊन तो आला. लॉरीपुढे धोतर-टोपीतला एक मनुष्य उभा होता व काचेआड स्टिअरिंगचे चाक अर्धवट दिसत होते. समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हातास, म्हणजेच गाडीच्या डाव्या बाजूस!

मी ते छायाचित्र वर्गापुढे ठेविले. लगेच एका चतुर मुलाने शंका काढली की, चित्र उलटे छापले गेले असेल तर डावे ते उजवे दिसेल. शंका योग्य होती. मग मुलांनीच तिचे उत्तर शोधले. गाडीच्या पुढील पाटीवरील अक्षरे व आकडे सुलट वाचता येत होते; अर्थात चित्र उलटे नव्हते. गाडीची ठेवण पाहता ती ब्रिटिश नसून, महायुद्धात अमेरिकेने इकडे आणलेल्या व युद्धानंतर विकल्या गेलेल्या लष्करी लॉऱ्यांपैकी असावी, असे आम्हांस वाटले. त्या लॉऱ्या डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या. आजही आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२० प्रमाणे डाव्या स्टिअरिंगची गाडी, नेमून दिलेले इशाऱ्याचे साधन चालू स्थितीत असल्याखेरीज, सार्वजनिक जागी चालविता येत नाही. अशी गाडी या देशात असूच शकत नाही असे कायद्यास वाटत नाही. ते फक्त आम्हांलाच वाटले होते.

"तर मग पणजोबा खरेच सांगत होते," तो मुलगा हळूच म्हणाला. ज्याने रस्त्याच्या बाजूवरून थट्टा केली होती तोच विद्यार्थी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला.

मुलांनो, परदेशातील दुर्मिळ लॉऱ्या शोधण्यास तुम्हांला जावे लागणार नाही. परंतु आपल्या गावी विहिरीजवळ, गुऱ्हाळामागे किंवा बाभळीखाली एखादी जुनी गाडी, इंजिन वा पंप गंजत पडलेला असेल. भंगारवाला येण्यापूर्वी त्यावरील पाटीचा मजकूर वहीत उतरून घ्या, समोरून व बाजूने छायाचित्र काढा आणि ती वस्तू ज्यांनी चालविली त्यांच्या तोंडून तिची हकीकत लिहून ठेवा. तारीख घालण्यास विसरू नका. पालकांसही विनंती की, घरातील जुनी छायाचित्रे व परवाने रद्दीत टाकण्यापूर्वी एकवार मुलांच्या हाती द्यावेत.

वस्तू गेली तर तिच्याबरोबर ती वापरणाऱ्या माणसाचा शब्दही खोटा ठरतो. तो खरा ठरविण्यास कधी कधी अर्धवट दिसणारे एक चाक आणि सुलट वाचता येणारी एक पाटी एवढे पुरेसे होते.