विडी सोडल्यावरचे पहिले तीन दिवस : घराने काय करायचे?



तेंदूपत्त्याचा हंगाम संपता संपता एकोडीतल्या एका घरी आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. घरच्या भाऊंनी विडी सोडून तिसरा दिवस होता. सवय पस्तीस वर्षांची. दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवले, नातवावर ओरडले आणि डोके धरून खाटेवर बसले. शेवटी त्यांच्या घरच्या बाई स्वतः पानठेल्यावर गेल्या, विड्यांचा कट्टा आणला आणि त्यांच्या हातात ठेवला. म्हणाल्या, "घ्या, ओढा एक. पण घर शांत राहू द्या."

भाऊंनी ओढली. पाच मिनिटांत शांत झाले. सगळ्या घराची खात्री पटली की यांना विडी लागतेच, सोडली तर माणूस बिघडतो.

त्या बाईंची चूक नव्हती. आम्ही परिचारिका म्हणून कितीतरी जणांना "विडी सोडा" असे बजावले, पण सोडल्यावर तिसऱ्या दिवशी घरात काय होईल हे आधी सांगितले नाही. ते या लेखात सांगत आहोत.

त्रास कशाने होतो?

तंबाखूत निकोटिन असते. धूर आत घेतला की दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचते आणि बरे वाटते. पण ते टिकत नाही. दर दोन तासांनी रक्तातले निकोटिन जवळजवळ निम्मे होते. ते कमी झाले की मेंदू पुन्हा मागतो. ही मागणी म्हणजेच तलफ. विडी ओढून मन शांत होते असे वाटते, पण ती अशांती आधीच्या विडीनेच आणलेली असते.

विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी, म्हणून ती सौम्य, असा समज आहे. तो खरा नाही. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी लवकर विझते, म्हणून ती पेटती ठेवायला वारंवार आणि जोराने ओढावे लागते. त्यामुळे निकोटिन आणि विषारी वायू सिगारेटइतकेच, कधी जास्तही, आत जातात.

विडी बंद केली की चार ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो. त्यानंतर उतरत जातो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत मावळतो. चिडचिड, बेचैनी, उदासी, झोप न लागणे, कामात लक्ष न लागणे, भूक वाढणे, शौचास साफ न होणे ही त्याची लक्षणे आहेत. काहींना खोकला वाढल्यासारखा वाटतो, तोंडात फोड येतात. या त्रासाने जिवाला धोका नसतो. शरीर सावरत असल्याची ती खूण आहे. रक्तात साचलेला कार्बन मोनॉक्साइड वायू तर साधारण एका दिवसातच उतरतो.

म्हणजे भाऊंच्या घरी कट्टा आला तेव्हा चढ जवळपास संपत आला होता. पुढे उतारच होता.

आदल्या रात्रीची तयारी

दिवस ठरवा आणि घरात सर्वांना सांगा. लग्न, तेरवी, जागरण असलेला आठवडा टाळा. उरलेल्या विड्या, माचीस, राखेचा डबा घराबाहेर काढा. "पाहुण्यासाठी" म्हणून एकही विडी ठेवू नका. लेकरांनाही सांगून ठेवा : "बाबा तीन दिवस चिडतील. त्यांचा राग तुमच्यावर नाही." मात्र सोडणाऱ्याने हेही ऐकून ठेवावे की चिडचिड समजून घेतली जाईल, मारहाण नाही. राग अनावर झाला तर उठून गावाबाहेर चक्कर मारून यायचे, हे आदल्या रात्रीच कबूल करून घ्या.

तलफ आली की

तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा.

घोट घोट पाणी प्या. तांब्या जवळच ठेवा.

श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. विहारात ज्यांनी आनापान शिकले आहे त्यांनी ते इथे वापरावे : येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहत तलफेलाही चढताना आणि उतरताना पाहा.

हाताला काम द्या. दोरी वळा, लसूण सोला, सायकल पुसा. विडी जितकी तोंडाची सवय आहे तितकीच हाताचीही आहे.

तोंडात बडीशेप, लवंग, भाजलेले चणे किंवा सुकवलेला आवळा ठेवा.

चहा निम्म्यावर आणा. विडीचा धूर बंद झाला की चहातले कॅफीन शरीरात जास्त वेळ राहते. पूर्वीइतकाच चहा प्यायला तर छाती धडधडते, झोप उडते आणि दोष विडी सोडण्याला दिला जातो. संध्याकाळनंतर चहा नकोच. पोट साफ राहावे म्हणून पालेभाजी आणि जवसाची चटणी जेवणात असू द्या.

विडी सोडा, विसावा सोडू नका

रोवणीच्या दिवसांत आम्ही बांधीवर पाहतो : विडी ओढणारा धुऱ्यावर बसतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. न ओढणारा बसला तर "काऊन बसला?" असे लगेच विचारतात. मजुराला विडीच्या निमित्ताने दोन घटका विसावा मिळतो. विडी सोडल्यावर हा विसावाही गेला तर माणूस दुप्पट थकतो आणि विडीकडे परततो. म्हणून पूर्वी ज्या वेळी ओढत होता त्याच वेळी धुऱ्यावर बसा, पण ओढणाऱ्यांपासून जरा दूर. पाणी प्या, चणे खा. विसावा हा कष्टकऱ्याचा हक्क आहे. त्यासाठी छाती जाळण्याची गरज नाही.

खर्रा म्हणजे सुटका नाही

आपल्या भागातला सर्वांत मोठा सापळा हाच. विडी सोडलेला माणूस तिसऱ्या दिवशी पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात टाकतो आणि म्हणतो, "विडी सुटली." निकोटिन तेच, फक्त वाट बदलली. खर्ऱ्यातला चुना ते लवकर रक्तात उतरवतो. त्यातल्या सुपारीने तोंडाची कातडी आतून कडक होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोग होऊ शकतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात जेमतेम चार आहेत, पण तंबाखू चघळणारे किंवा दाताला लावणारे चोवीसच्या आसपास. आपल्या मायबहिणींची नस आणि गुडाखूही यातच मोडतात. सोडताना त्यांच्यावर लाज लादू नका. त्यांनाही हाच त्रास होतो आणि हेच उपाय लागू पडतात.

औषधाची मदत

सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला विडी लागते त्याची सवय खोल गेलेली असते. त्याने केवळ मनोबलावर विसंबू नये. निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही. सावकाश चावा, झणझणीत चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. असे सुमारे अर्धा तास करा. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा घेऊ नका. गरोदर बाई, हृदयविकाराचा रुग्ण आणि तोंडात जखम असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह, दमा किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर विडी सोडत असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगा. काही औषधांचे प्रमाण बदलावे लागते.

सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. पैसे लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जिल्हा रुग्णालयातही समुपदेशनाबद्दल विचारा.

दारूबाबत जपून राहा. पहिल्या आठवड्यात दारूच्या बैठकीत बसलात तर विडी हमखास पेटते. पण जो रोज भरपूर पितो त्याने दारू एकदम, डॉक्टरांशिवाय, बंद करू नये. हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे हे जिवावर बेतू शकते. हा नियम दारूचा आहे, विडीचा नाही. विडी एकदम सोडली तरी धोका नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, खोकल्यातून रक्त, छातीत दुखणे, तोंडातली न भरणारी जखम किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही असेल तर ते "विडी सोडल्यामुळे" म्हणून अंगावर काढू नका. लगेच दवाखाना गाठा.

एखादी ओढली गेली तर

सगळे संपले असे समजू नका. उरलेल्या फेका आणि त्याच क्षणापासून पुन्हा सुरू करा. कायमचे सोडलेल्यांपैकी अनेकांना आधी दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागलेला असतो. विहारात आपण पाचवे शील घेतो. ते मोडले म्हणून पुन्हा घ्यायचे नाही, असे कोणी म्हणत नाही. इथेही तसेच. आणि रोजचे तीस रुपये जरी वाचले तरी वर्षाचे १०,९५० होतात. एका लेकराच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च त्यातून निघतो.

त्या भाऊंनी रोवणी आटोपल्यावर पुन्हा विडी सोडली. या वेळी आम्ही बाईंना आधीच सांगून ठेवले होते : तिसरा दिवस सर्वांत कठीण, आणि त्यानंतर उतार. तिसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा चिडले. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "आजचाच दिवस आहे. चला, बोडीपर्यंत जाऊन येऊ." दोघे तलावाच्या पाळीवरून चालून आले. मध्ये एका लग्नात भाऊंनी एक विडी ओढली, दुसरी घेतली नाही. धान कापणीच्या वेळी आम्ही भेटलो तेव्हा ते धुऱ्यावर बसून चणे खात होते. आम्हालाही मूठभर दिले.