छेद आधी, तलविन्यास मागाहून



विमानतळाशेजारच्या व्यापारी संकुलाची रचना हाती घेणाऱ्याने पहिली रेघ जमिनीवर न ओढता आकाशात ओढावी, हे चिरंजीव भाच्याने आरंभीच ध्यानात घ्यावे. इतरत्र इमारतीचा आकार भूखंडाच्या सीमा, रस्त्याची रुंदी आणि चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते त्याचे प्रमाण, यांवरून ठरतो. येथे तो धावपट्टीवरून ठरतो. म्हणून तलविन्यासाआधी, म्हणजे मजल्याच्या आडव्या आराखड्याआधी, छेद काढावा. इमारत वरपासून खालपर्यंत उभी कापली असता जे दिसेल त्याचे चित्र म्हणजे छेद.

धावपट्टीभोवतीच्या हवेत काही काल्पनिक पृष्ठभाग मानलेले असतात व त्यांना छेदून कोणतेही बांधकाम वर जाऊ नये असा संकेत आहे. मोठ्या धावपट्टीभोवती सुमारे ४ किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरांवर, एक आडवे छत कल्पिलेले असते. त्याच्या कडेपासून ५ टक्के चढाचा शंकूसारखा भाग सुरू होतो, आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उतरत्या विमानासाठी राखलेली वाट या छताहूनही सखल असते. भारतात २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळ प्राधिकरण रंगांनी विभाग दाखवणारे नकाशे तयार करते आणि उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्र देते. या प्रमाणपत्रातील कमाल उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, आणि तिच्यात लिफ्टची यंत्रखोली, पाण्याची टाकी, अँटेना व वीजरोधक दांडा हे सारे धरलेले असते, ही गोष्ट नवशिक्यांच्या हातून हमखास निसटते.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या जागी याचा हिशेब कसा बसतो, ते उदाहरणादाखल मांडलेल्या आकड्यांवरून पाहावे. विमानतळाची पातळी १२ मीटर मानल्यास आडवे छत ५७ मीटरांवर येते. जमीन ५ मीटरांवर असेल तर इमारतीला ५२ मीटर मिळतात, आणि टाकी व यंत्रखोलीचे ६ मीटर वजा जाता ४६ उरतात. कार्यालयाचा मजला ४ मीटरांचा धरला तर ११ मजले बसतात. तुळया टाळून ताणतारांची सपाट स्लॅब घातली आणि मजला ३.८ मीटरांवर आणला तर १२ बसतात. मात्र हा कमावलेला मजला टिकेलच असे नाही, कारण मिठी नदी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहत येते आणि वांद्रे-कुर्ला संकुल तिच्याच मुखाशी, भराव घातलेल्या भूमीवर उभे आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो स्मरणात ठेवून जोते दीड मीटर वर घेतले की छेदात ४४.५ मीटरच उरतात व मजले पुन्हा ११ होतात. वरून विमान दाबते आणि खालून नदी ढकलते, अशी ही कोंडी आहे. तीत जोत्याची उंची कापून मजला वाचवण्याचा मोह मालकाला होणार. तो वास्तुविशारदाला होऊ नये. त्यापेक्षा क्षेत्र आडवे पसरावे. याच परिसरात बाळकृष्ण दोशी यांनी योजलेल्या भारत डायमंड बोर्समध्ये नऊ-नऊ मजल्यांच्या अनेक इमारती एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि त्यांत चालत फिरणाऱ्या व्यापाऱ्याला मनोऱ्याची उणीव भासत असेल असे वाटत नाही.

आवाजाच्या बाबतीत वाड्याची शिकवण येथे अपुरी पडते. वाड्याचा चौक रस्त्याच्या गोंगाटापासून आडोसा देतो, पण विमानाचा आवाज वरून येत असल्याने तो थेट चौकातच पडतो. म्हणून बसण्याच्या जागांवर छत हवे आणि गच्चीची स्लॅब जड हवी. भिंतीचे वजन दुप्पट केल्याने आवाज साधारण ६ डेसिबलच घटतो, हे लक्षात घेता निव्वळ जाडीवर विसंबू नये. दोन काचांमध्ये मोठी पोकळी ठेवावी, त्यांतील एक काच मध्ये पापुद्रा घालून चिकटवलेली, म्हणजे लॅमिनेटेड, असावी आणि चौकटीच्या फटी बुजवाव्यात. कारण एवढ्याशा फटीतून महागड्या काचेचे सारे काम वाया जाते.

दर्शनी भाग सबंध काचेचा करण्याची हौस मुंबईच्या उन्हात आधीच महाग पडते. येथे त्या काचेची तिरीप वैमानिकाच्या डोळ्यांवर जाण्याचा धोकाही असतो. गच्चीवरील सौरपट्ट्यांचा कोनही त्याच दृष्टीने तपासून घ्यावा. दिवे खाली तोंड केलेले असावेत, आणि सरळ ओळीतले दिवे धावपट्टीच्या दिव्यांसारखे भासणार नाहीत अशी त्यांची मांडणी असावी.

उद्यानाची रचना पक्ष्यांचा विचार करून करावी लागते. वड, पिंपळ, उंबर ही झाडे एरवी कितीही प्रिय असली तरी फळांच्या दिवसांत ती थव्यांना बोलावतात. उथळ तळे बगळ्यांना बोलावते आणि उघडा कचरा घारींना. विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास १९३७ च्या विमान नियमांनी मनाई केली ती याच कारणाने. उपाहारगृहाची कचराखोली बंदिस्त ठेवावी आणि पावसाचे पाणी दोन दिवसांत निचरून जाईल इतकाच साठा करावा.

बांधकामाच्या क्रेनलाही उंचीची वेगळी परवानगी लागते, म्हणून तिचा हात कोठवर जाईल तेही छेदात दाखवावे. पुढील पत्रासोबत समुद्रसपाटीची पातळी लिहिलेला कच्चा छेद पाठवावा. तलविन्यास नंतर पाठवला तरी चालेल.

मामाचे आशीर्वाद.