गालिच्याच्या तळाची धूळ

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील घरांत जमिनीवर गालिचा अंथरून ठेवण्याची वहिवाट फार जुनी नाही. शहाबादी फरशी, सणासुदीला तिच्यावर सतरंजी आणि पाहुणे वाढले तर जाजम, एवढ्यावर आमच्या मागच्या पिढ्यांचे भागले. परंतु उसाच्या पैशाने आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या येण्याजाण्याने बैठकीच्या खोल्यांचे रूप पालटले, आणि जेथे उन्हाळ्यात दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी तिसऱ्या प्रहरापर्यंत टेबलावर बोटाने अक्षरे काढता येतात, त्याच प्रदेशात जाड लवेचा गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला. त्याच्यामागून व्हॅक्यूम क्लीनर येणे क्रमप्राप्तच होते. तो विकत घेताना मोटर किती वॅटची आहे, ही चौकशी सगळे करतात. पण नळीच्या टोकाला गालिच्यासाठी जो ब्रश बसवावयाचा, तो फिरणारा आहे की स्थिर, फिरणारा असल्यास हवेने फिरतो की विजेने, आणि आपल्या घरातील गालिच्याला तो मानवेल की नाही, याची खातरजमा क्वचितच कोणी करतो. या एका उणिवेपायी आमच्या घरातील एका उत्तम लोकरी गालिच्याचे कायमचे नुकसान झाले, आणि इंदापूरला माझ्या आतेभावाकडे एक परदेशी ब्रश पहिल्याच दिवशी निकामी झाला. ज्यांच्या घरी अशी खरेदी व्हावयाची आहे, त्यांच्यासाठी हा तपशील लिहीत आहे.

प्रथम आपल्याकडील धुळीचा स्वभाव पाहिला पाहिजे. नीरेच्या डाव्या कालव्याखालील बागायती पट्ट्यात काळी माती आहे. ती वाळली म्हणजे पिठासारखी बारीक होते आणि किंचित ओल लागताच चिकटते. जिरायती भागात मुरूम आहे, आणि त्याचे कण टोकदार असतात. त्यात गाळप हंगाम सुरू झाला की तुटलेल्या फडांतील पाचट जाळल्याची काळी पापुद्र्यांसारखी राख अंगणात उतरते आणि पायांबरोबर घरात येते. यांपैकी राख डोळ्यांना दिसते म्हणून तिचा राग येतो. परंतु गालिच्याचा खरा शत्रू मुरुमाचा कण होय. तो वजनाने जड, त्यामुळे लवेच्या वर न थांबता बुडाशी जाऊन बसतो, आणि वरून चालणाऱ्या प्रत्येक पावलाच्या दाबाने धाग्याला मुळाशी कापत राहतो. गालिचा वरून स्वच्छ दिसत असतो आणि आतून तुटत असतो.

हा तळाचा कण केवळ हवेच्या ओढीने निघत नाही, ही गोष्ट या यंत्राच्या इतिहासातच नोंदली गेली आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनियराने १९०१ मध्ये घोडागाडीवर चढवलेला प्रचंड पंप आणि लांब नळ्या यांच्या साहाय्याने धूळ ओढण्याची युक्ती काढली, आणि दुसऱ्याच वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याच्या यंत्राने साफ झाले. त्या यंत्राची भिस्त ओढीवर होती. ओहायोतील कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणारा जेम्स मरे स्पँगलर दम्याने बेजार होता. धूळ उडू नये म्हणून त्याने जे हलके यंत्र जुळवले, त्यात पंख्याबरोबर फिरता ब्रशही होता. त्याचे पेटंट १९०८ चे. हूव्हर कंपनीने ते हक्क घेतले आणि १९२६ मध्ये ब्रशच्या रुळावर गालिच्याला थोपटणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवल्या. आधी थोपटून कण सैल करावा, मग केसांनी वर उचलावा आणि मग हवेने ओढून न्यावा, हा क्रम तेव्हापासून आजतागायत विजेने फिरणाऱ्या ब्रशच्या, म्हणजेच पॉवर ब्रशच्या, मुळाशी आहे.

आमच्या घरचा गालिचा वडिलांनी घेतलेला, येरवड्याच्या कारागृहातील कारखान्यात विणलेला. बारामतीच्या घरात तो बैठकीत असे. डब्याच्या आकाराचा, चाकांवर मागे ओढावयाचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला, तेव्हा विक्रेत्याने त्याच्याबरोबर हवेने फिरणारा टर्बो ब्रश दिला आणि विजेच्या ब्रशचे सर्व काम हा करतो, अशी हमी दिली. प्रात्यक्षिक म्हणून त्याने नायलॉनच्या आखूड लवेच्या तुकड्यावर पांढरी पावडर पसरली आणि एका फटक्यात ती नाहीशी करून दाखवली. हे प्रात्यक्षिक पाहून गृहस्थाचे समाधान होणे स्वाभाविक आहे. पण वर पसरलेली पावडर साधे तोंडही ओढते. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेच्या एफ ६०८ या प्रमाणित चाचणीत नऊ भाग वाळू आणि एक भाग शंखजिरे यांचे मिश्रण गालिच्यावर पसरून ते मुद्दाम आत दाबतात, आणि मग यंत्राने त्यातले किती बाहेर काढले ते तोलतात. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हे दाबणेच नसते, आणि आपल्या घरी तर माणसांची पावले दिवसभर तेच करीत असतात. पुढे दिवाळीच्या साफसफाईत गालिचा उलटा करून पाठीवर थोपटला, तेव्हा फरशीवर वाळूचा जाड थर पडला, आणि दारापासून कोचापर्यंतच्या वाटेवर लव इतकी विरली होती की गाठी उघड्या पडल्या होत्या. इतका काळ दर आठवड्याला नियमाने सफाई होत होती.

असे का झाले, हे त्या ब्रशच्या रचनेत स्पष्ट आहे. टर्बो ब्रशमध्ये आत ओढली जाणारी हवा एका छोट्या चक्राला फिरवते आणि ते चक्र ब्रशला. म्हणजे धूळ नेण्यासाठी जी हवा हवी, तिच्याच शक्तीचा एक हिस्सा ब्रश फिरवण्यात खर्च होतो. ब्रश हवेत उचलून धरला तर जोरात गरगरतो, आणि लव दाट असेल तेथे टेकताच मंदावतो. जेथे त्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच तो सर्वांत दुर्बळ होतो. पिशवी भरत आली, फिल्टर चोंदला, नळीला कोठे भेग पडली, की आणखी मंद. आपल्या खेड्यापाड्यांत संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, त्याचाही पहिला बळी हाच, कारण मुख्य मोटर हळू झाली की हवा कमी होते आणि ब्रश जवळजवळ थांबतो. यंत्राचा आवाज मात्र चालूच असल्यामुळे काम होत आहे असे वाटत राहते. विजेच्या ब्रशला स्वतःची मोटर असते. ती पट्ट्याच्या आधाराने रूळ फिरवते आणि मुख्य यंत्राची ओढ अबाधित राहते. जाड लवेच्या गालिच्यासाठी हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टर्बो ब्रशला आखूड लव, जिन्याच्या पायऱ्या, कोचाच्या गाद्या आणि गाडीतील आसने एवढीच कामे द्यावीत.

विजेच्या ब्रशपर्यंत वीज नळीतूनच जावी लागते, आणि येथे इंदापूरची हकिगत सांगणे प्राप्त आहे. आतेभावाने नवा बंगला बांधताना भिंतीतून नळ नेऊन मागच्या खोलीत एकच मोठे यंत्र बसवण्याची, म्हणजे सेंट्रल व्हॅक्यूमची, तजवीज केली; खोलीत भिंतीवरच्या झडपेत नळी खुपसावी आणि झाडावे, अशी ती सोय. गालिच्यासाठीचा ब्रश मुलीने अमेरिकेहून आणला. तो तेथील १२० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेला होता. जोडणी करणाऱ्याने ट्रान्सफॉर्मरची गरज नाही असे सांगून तो आपल्या २३० व्होल्टला जोडला, आणि जळक्या वासाबरोबर त्याची मोटर गेली. परदेशातून अशी वस्तू येत असेल तर तिच्या पाठीवरची पट्टी आधी वाचावी. ब्रशची मोटर सामान्यतः शंभर ते दोनशे वॅटच्या आसपास असते. तिच्यापुरता व्होल्ट उतरवणारा लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. संपूर्ण डबाच परदेशी असेल, तर मात्र त्याला फार मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो व्यवहार बहुधा परवडत नाही.

त्या घरात दुसरीही अडचण निघाली. सेंट्रलच्या नळीच्या मुठीवर यंत्र चालू-बंद करण्याचे जे बटण असते, त्याची तार केवळ काही व्होल्टची असते. तिच्याने ब्रश फिरत नाही. ब्रशसाठी नळीला वेगळी वायर असते, आणि ती भिंतीवरच्या झडपेतच जोडली जाते किंवा शेजारच्या सॉकेटमध्ये घालावी लागते. आतेभावाकडे झडपेजवळ सॉकेट नव्हते, आणि गिलावा होऊन रंगही झाला होता; भिंत फोडावी लागली. ज्यांचे बांधकाम अद्याप चालू आहे, त्यांनी प्रत्येक झडपेपासून हात-दीड हाताच्या अंतरावर अर्थिंगसह सॉकेट काढून घ्यावे, मग ब्रश पुढे कधीही येवो. अर्थिंगचा आग्रह मी मुद्दाम धरतो. वीज वाहणारी ती नळी माणसाच्या हातात असते, आणि मुलेही तिच्यावरून उड्या मारीत असतात.

आता गालिच्याविषयी. फिरता ब्रश सर्वांना मानवत नाही. कापलेल्या लवेच्या यंत्रनिर्मित गालिच्याला तो उत्तम. लव वेटोळ्यांची असेल तर एखादे वेटोळे अडकून धागा ओळीने उसवत जातो, म्हणून तेथे ब्रश बंद ठेवून नुसती ओढ द्यावी; ब्रश वेगळा बंद करण्याचे बटण नसलेले मॉडेल म्हणूनच घेऊ नये. हाताने गाठी मारलेल्या लोकरी गालिच्याची झालर रुळात गेली की सुटत नाही. अशा गालिच्यासाठी मी आता दुसरी रीत पाळतो: दोघांनी मिळून तो फरशीवर उलटा करावा, पाठीवरून पॉवर ब्रश सावकाश फिरवावा, त्याच्या कंपाने तळाचे कण खाली गळतात, मग गालिचा गुंडाळून ती वाळू झाडून घ्यावी, आणि सुलटा करून लवेच्या दिशेने केवळ ओढीने साफ करावा. सतरंजी, जाजम, घोंगडी यांना लवच नाही. त्यांच्यावर फिरता ब्रश चालवणे म्हणजे त्यांची वीण खरवडणे होय. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा घरोघर वारकऱ्यांसाठी हेच अंथरूण निघते. त्यावरचा चिखल पूर्ण वाळू द्यावा, उन्हात काठीने झाडावे. ओल्या काळ्या मातीवर यंत्र घातले तर नळीच्या आत तिचा लेप बसतो आणि तो काढणे फार कष्टाचे होते.

ब्रशची उंची अशी ठेवावी की केसांची टोके लवेला जेमतेम लागतील. तो गालिच्याला घट्ट चिकटून ढकलवेनासा झाला, तर मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडावी, आणि हात संथ ठेवावा, कारण थोपटणे, उचलणे आणि ओढणे या तिन्ही क्रियांना वेळ लागतो. रुळाभोवती केस आणि धागे गुंडाळले जातात. ते वरचेवर कात्रीने कापून काढले नाहीत तर टोकांचे बेअरिंग जाते. पट्टा दातेरी असेल तर घसरत नाही. सपाट रबरी पट्टा ताणतो, आणि जळक्या रबराचा वास आला की यंत्र तत्काळ थांबवावे. अडकल्यावर मोटरचा प्रवाह आपोआप तोडणारे लाल बटण ब्रशवर आहे का, तेही पाहावे. खरेदीच्या वेळी जादा पट्टे बरोबरच घ्यावेत, बदलीचा रूळ पुण्यात मिळतो की परदेशातून मागवावा लागतो हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या तुकड्यावर न पाहता आपल्या घरी, आपल्या गालिच्यावर, पावलांनी मुरूम दाबून मग करावयास सांगावे. ते झाल्यावर त्याच्यासमोरच गालिचा उलटा करून पाठ थोपटावी.