दोष सांगावा की झाकावा?

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहात एक वाद झाला. खोल्यांची कुलुपे एकाच वेळी, एकाच दुकानातून घाऊक आणलेली होती. आमच्या एका मित्राला सहज असे आढळले, की त्याची किल्ली शेजारच्या खोलीलाही लागते. मग आणखी दोन खोल्यांना लागली. त्याने रेक्टर सरांना सांगितले. "बघतो, पण कुठे बोलू नकोस," असे उत्तर मिळाले. पंधरा दिवस गेले, काहीच झाले नाही. तेव्हा त्याने खानावळीतल्या फळ्यावर खडूने ती गोष्ट लिहून टाकली. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी बाजारातून स्वतःची कुलुपे आणली. मित्राला मात्र सज्जड दम मिळाला, आणि वसतिगृहात दोन तट पडले. एक म्हणे, त्याने सर्वांचे भले केले. दुसरा म्हणे, चोराला वाट दाखवली.

तर्कशास्त्राच्या तासाला शोभेल असा हा प्रश्न संगणकाच्या जगात गेली कित्येक वर्षे धुमसत आहे. आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, दोष सापडला तर तो जाहीर करावा की नाही, यावर तेथील जाणकार हमरीतुमरीवर येतात. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. यंत्राच्या पोटात काय चालते ते आपल्याला फारसे कळत नाही. पण हा वाद यंत्राचा नाहीच मुळी. तो संगणकाच्या आधीचा आहे, आणि त्याची सुरुवात खरोखरीच्या कुलुपांपासून होते.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक कुलूपकार आपल्या पेढीचे कुलूप घेऊन तेथे आला. त्या काळी इंग्लंडात दोन कुलुपांचा बोलबाला होता. एक चब यांचे, १८१८ सालचे. त्याची करामत अशी, की कोणी तारेच्या आकड्याने आतली तरफ प्रमाणाबाहेर उचलली तर कुलूप अडकून बसे आणि मालकाला आपली किल्ली घालताच छेडछाड झाल्याचे कळे. दुसरे ब्रामा यांचे. ते तर पिकॅडिलीतल्या त्यांच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके आव्हान म्हणून ठेवलेले होते. किल्लीवाचून उघडणाऱ्यास दोनशे गिनी इनाम.

हॉब्जने चबचे कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. गंमत अशी, की चोर पकडण्यासाठी बसवलेली ती अडकण्याची युक्तीच त्याच्या उपयोगी पडली. कोणती तरफ किती उचलली म्हणजे जास्त होते, हे कुलूपच त्याला सांगत गेले. ब्रामाच्या कुलपाने अधिक झुंज दिली. सोळा दिवसांत मिळून एकूण ५१ तास खपल्यावर तेही उघडले. कंपनीने कुरकुर केली, की कोणत्या चोराला एवढी सवड आणि एवढी हत्यारे मिळणार? परंतु पंचांचा निर्णय विरुद्ध गेल्यावर इनाम द्यावे लागले.

त्यानंतर वृत्तपत्रांत जो गदारोळ उठला तो आपल्या फळ्याच्या वादासारखाच होता. या माणसाने घराघरांची सुरक्षितता घालवली, असे एक पक्ष म्हणू लागला. हॉब्जच्या बाजूचे उत्तर १८५३ साली निघालेल्या कुलूपविद्येवरील एका ग्रंथात आढळते. त्याचा आशय असा, की चोर आपल्या धंद्यात वाकबगार असतात. आपण त्यांना शिकवावे असे फारसे काही उरलेले नसते. अज्ञानात राहतो तो कुलूप विकत घेणारा गृहस्थ.

मला या उत्तरातले मर्म असे वाटते, की दोष झाकल्याने कुलुपाची अब्रू राहते, कपाटातला ऐवज राहीलच असे नाही. अब्रू कारखानदाराची आणि ऐवज गिऱ्हाइकाचा. दोघांचे हित एकच आहे असे धरून चालण्यात सारा घोटाळा होतो.

पुढे १८८३ साली याच विचाराला शास्त्राचे रूप आले, आणि ते देणारा होता एक भाषाशिक्षक. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हा जन्माने डच, पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारा. (वोलाप्युक नावाच्या कृत्रिम जागतिक भाषेचाही तो मोठा पुरस्कर्ता होता. आपल्या भाषाविभागातील प्राध्यापकांना हे वाचून बरे वाटेल.) सैन्याच्या गुप्त लिपीवरील निबंधात त्याने असे मांडले, की लिपीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित असावे ते फक्त किल्लीत. किल्ली बदलता येते, पद्धत एका रात्रीत बदलता येत नाही. आजची गुप्तलेखनविद्या याच पायावर उभी आहे.

येथवर हॉब्जचा पक्ष जिंकलेला दिसतो. पण संगणक आला आणि गणित थोडे बदलले. ५१ तास खपून हॉब्जने उघडले ते एक कुलूप. दुसरे उघडायला त्याला पुन्हा बसावेच लागले असते. संगणकाच्या आज्ञावलीची मात्र कोट्यवधी घरांत तीच प्रत असते. एकाने फट शोधून चोरीचे हत्यार तयार केले, की ते हत्यार सर्व घरांना लागते आणि वापरणाऱ्याला अक्कलही लागत नाही. उलट बाजू अशी, की दुरुस्तीही तितक्याच झपाट्याने सर्वत्र पाठवता येते. म्हणजे वाद उरतो तो मधल्या काळाचा. दोष कळल्यापासून दुरुस्ती घरोघर पोचेपर्यंत कोणी गप्प बसायचे, आणि किती दिवस?

यावर एक मधला मार्ग निघाला. दोष प्रथम कारखानदाराला गुपचूप कळवावा, मुदत द्यावी आणि मुदत संपताच जाहीर करावा. गूगलने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या शोधपथकाने ही मुदत ९० दिवसांची ठरवली. लगेच जानेवारी २०१५ मध्ये खटका उडाला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती तयार होती, ती १३ तारखेला निघायची होती. गूगलने मुदत संपल्याचे सांगून दोन दिवस आधी दोष प्रसिद्ध केला. मायक्रोसॉफ्टने जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन दिवस थांबले असते तर काय बिघडले असते, हा प्रश्न रास्त आहे. परंतु दोनाचे चार आणि चाराचे चाळीस कसे होतात, हे ज्याने कोणत्याही कचेरीत अर्ज दिला आहे त्याला सांगायला नको. मुदत कधीच मोडणार नाही असा धाक असला तरच तिला मुदत म्हणता येते. मी या बाबतीत गूगलच्या बाजूचा आहे, जरा नाइलाजाने.

आपल्याकडे दोष शोधणाऱ्याला आणखी एक धास्ती असते. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसणारे कृत्य नाही. हेतू कपटाचा ठरला तर शिक्षाही आहे. हेतू चांगला होता हे मागाहून पटवत बसावे लागते. दोष कळवण्यासाठी २००४ पासून 'सर्ट-इन' ही सरकारी यंत्रणा आहे खरी. पण किल्ली लावून पाहिल्याशिवाय ती लागते हे आमच्या मित्राला तरी कसे कळले असते?

कारखानदार लपवतो ते अब्रूसाठी. सरकार लपवते ते शस्त्र म्हणून, आणि मला ते अधिक भयंकर वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील एक फट ठाऊक होती. ती कळवण्याऐवजी हेरगिरीसाठी तिने हत्यार बनवून ठेवले. ते हत्यार चोरीस गेले. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली, एप्रिलमध्ये चोरांनी हत्यार चव्हाट्यावर टाकले आणि मे महिन्यात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने त्याच वाटेने जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांच्या सुमारे एक-तृतीयांश संस्थांचे काम विस्कळीत झाले; हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. जून संपताना युक्रेनमधून 'नॉटपेट्या' सुटली. तिच्याही भात्यात हेच हत्यार होते. मेर्स्क ही जहाज कंपनी तिच्या तडाख्यात सापडली आणि आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. दूर अमेरिकेत कोणी तरी एक गुपित जपून ठेवले होते. खोळंबले ते उरणच्या खाडीकाठचे कंटेनर.

झाकणाऱ्यांच्या विरुद्ध याहून मोठा पुरावा नको. तरीही या हकिकतीत एक तपशील असा आहे, की ज्याने सांगणाऱ्यांनीही अंतर्मुख व्हावे. मे महिन्यात ज्या रुग्णालयांना फटका बसला, त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती बसवलेली नव्हती. यंत्रे जुनी, माणसे कमी, आणि बसवायचे काम कोणाचे हे ठरलेले नाही. दोष जाहीर झाल्याचा लाभ ज्याला काही करता येते त्यालाच होतो. बाकीच्यांच्या दारावर तेच कुलूप लटकत राहते, फरक इतकाच की आता ते गावभर ठाऊक असते.

आमच्या वसतिगृहातही त्या संध्याकाळी एक खोली तशीच होती. तिच्यातला मुलगा आजोबांचे वर्ष करण्यासाठी गावी गेला होता. फळ्यावरचा मजकूर त्याला कोठून दिसणार? रात्री जेवणे झाल्यावर कोणाच्या तरी हे ध्यानात आले. मग ज्याने फळ्यावर लिहिले होते, तोच आपले नवे कुलूप काढून घेऊन गेला, त्या दाराला लावून आला, आणि तो मुलगा परत येईपर्यंत आठ दिवस माझ्या खोलीत आपली ट्रंक ठेवून झोपला.