तुळईचे गणित आणि गावचे बांधकाम

वारणा खोऱ्यात सहकाराच्या बळावर उभ्या राहिलेल्या वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले. ऊस, दूध आणि शेतीमालाच्या या परिसरात स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी जे पहिले धडे गिरवतो, त्यांत तुळईचा धडा महत्त्वाचा असतो. हा धडा केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही. शाळा, समाजमंदिर, साकव यांच्या बांधकामाचे ठराव ज्यांच्या सहीने होतात, त्या पंचायत सदस्यांनी व मुख्याध्यापकांनीही त्याचे मर्म जाणून घेतले पाहिजे.

तुळईच्या आत काय घडते?

दोन भिंतींवर टेकविलेल्या फळीच्या मध्यावर माणूस उभा राहिला, की फळी खाली वाकते. तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताणाला लवकर तडकते. म्हणूनच अशा तुळईत मुख्य सळ्या खालच्या बाजूस घालतात.

तुळईच्या अंतर्भागात दोन गोष्टी निर्माण होतात. एक, तुळईला कात्रीप्रमाणे कापू पाहणारे कर्तन बल आणि दुसरी, तिला वाकवू पाहणारे नमन परिबल. गॅलिलिओने १६३८ साली या प्रश्नाला हात घातला, पण तुळईच्या छेदात एका बाजूस दाब आणि दुसऱ्या बाजूस ताण असतो, हे त्याच्या हिशेबात आले नव्हते. ही उणीव पुढील दोन शतकांत दूर झाली.

एका वर्गखोलीचा हिशेब

दुमजली शाळेतील ६ मीटर गाळ्याची तुळई घेऊ. अशा तुळया दर ३ मीटरवर आहेत. १२० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, फरशीचे सुमारे १ आणि वर्गखोलीतील माणसे व बाके यांसाठी भारतीय मानकाने ठरविलेला भार ३, असे एकूण ७ किलोन्यूटन होतात. (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो वजन.) तुळईच्या वाट्याला ३ मीटर रुंदीचा पट्टा येतो, म्हणून ७ गुणिले ३ म्हणजे २१. त्यात तुळईचे स्वतःचे वजन सुमारे २ मिळविता दर मीटरला २३ किलोन्यूटन भार होतो.

एकूण भार १३८ किलोन्यूटन. दोन्ही टेकू तो समान वाटून घेतात, म्हणून प्रत्येकी ६९. आता टेकूपासून १.५ मीटरवर तुळई मनातल्या मनात कापावी. डावीकडून वर ६९, तर खाली २३ गुणिले १.५ म्हणजे ३४.५. उरलेले ३४.५ किलोन्यूटन हे तेथील कर्तन बल. नमन परिबल काढण्यासाठी ६९ ला १.५ ने गुणावे आणि त्यातून ३४.५ गुणिले ०.७५ वजा करावे. उत्तर सुमारे ७७.६ किलोन्यूटन-मीटर येते. याच रीतीने मध्यावर कर्तन बल शून्य, तर नमन परिबल सर्वाधिक, म्हणजे १०३.५ येते. टेकूजवळ कडीसळ्या दाट आणि मध्यावर खालच्या सळ्या अधिक का हव्यात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. प्रत्यक्ष संकल्पनात हे आकडे सुरक्षिततेसाठी दीडपट धरतात.

बाक किती येईल?

तुळई २३० मिलिमीटर रुंद, ४५० मिलिमीटर खोल आणि एम-२० प्रतीच्या काँक्रीटची असेल, तर सूत्रानुसार मध्यावर सुमारे १० मिलिमीटर बाक येतो. तडे आणि कालांतराने होणारे काँक्रीटचे आकुंचन यांमुळे तो पुढे वाढतो. मानकानुसार अंतिम बाक गाळ्याच्या २५० व्या भागाहून, म्हणजे येथे २४ मिलिमीटरहून अधिक नसावा.

येथे लक्षात ठेवण्याजोगे असे, की त्याच भाराखाली गाळा दुप्पट झाल्यास नमन परिबल चौपट आणि बाक सोळापट होतो. सभागृह मोकळे दिसावे म्हणून मधला खांब काढण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहावा. उलट, तुळईची खोली दुप्पट केल्यास बाक आठव्या हिश्श्यावर येतो. लाकडी कडी आडवी न घालता उभी घालण्याची सुताराची रीत याच नियमाला धरून आहे.

भार बदलला तर

वर्गखोलीचे सभागृह केले आणि त्यात खुर्च्या पक्क्या बसविलेल्या नसतील, तर मानकाप्रमाणे ३ ऐवजी ५ किलोन्यूटन भार धरावा लागतो. वरील तुळईवर तो दर मीटरला २९ होतो आणि नमन परिबल १३०.५ वर जाते. स्लॅबवर १ मीटर खोल पाण्याची टाकी बांधल्यास केवळ पाण्याचाच भार चौरस मीटरला सुमारे १० किलोन्यूटन येतो. हा वर्गखोलीच्या भाराच्या तिपटीहून अधिक आहे. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणी नदीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. गर्दी हाही भारच असतो, हे विसरता येत नाही.

सज्जाची उलटी रीत

एकाच टोकाला धरलेल्या सज्जात ताण वरच्या बाजूस येतो, म्हणून मुख्य सळ्या वरच हव्यात. सारख्याच लांबीच्या व भाराच्या, दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईपेक्षा येथे नमन परिबल चौपट आणि बाक साडेनऊपटीहून अधिक असतो. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली या सळ्या खाली दबल्या, तर कागदावरचे अचूक गणितही व्यर्थ ठरते.

पंचायत सदस्याने ही आकडेमोड स्वतः करावी, अशी अपेक्षा नाही. ते काम अभियंत्याचे आहे. मात्र ही इमारत कोणत्या वापरासाठी व किती भारासाठी आखली आहे, खांब काढण्यापूर्वी किंवा टाकी चढविण्यापूर्वी नवा हिशेब झाला आहे काय, आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्यांची जागा कोणी तपासली, हे तीन प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्यांची उत्तरे लेखी मिळाल्यावरच ठरावावर सही व्हावी. त्या छताखाली उद्या गावचीच मुले बसणार आहेत.